बॅरिस्टर नाथ पै आणि एका शुक्रवारी मांडलेलं विधेयक

बॅरिस्टर नाथ पै यांच्या वक्तृत्वाच्या आठवणी सांगणारी माणसं कोकणात अजून भेटतात. ते बोलायला उभे राहिले की सभागृह शांत व्हायचं, पंडित नेहरू त्यांचं भाषण ऐकायला मुद्दाम येऊन बसायचे, असं सांगतात. मालवणला त्यांच्या नावाचं सेवांगण आहे, कुडाळला शिक्षणसंस्था आहे. पण भारताच्या घटनात्मक इतिहासात त्यांचं नाव ज्या कामासाठी घेतलं जातं, त्याबद्दल विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. ते काम म्हणजे १९६७ साली त्यांनी लोकसभेत मांडलेलं एक घटनादुरुस्ती विधेयक. ते कधीच मंजूर झालं नाही. तरीही आज घटना कशी बदलायची ते सांगणारं कलम ३६८ उघडलं की त्याचा गाभा तिथे दिसतो.

विषय कायद्याचा आणि किचकट आहे. त्यात गंमत अशी की एका छोट्या विरोधी पक्षाचा खासदार संसदेला जास्त अधिकार द्या म्हणून भांडत होता. संसदेत बहुमत होतं काँग्रेसचं. म्हणजे जो अधिकार ते मागत होते तो सगळ्यात आधी पडणार होता त्यांच्या विरोधकांच्या हातात. शहाण्यासुरत्या बॅरिस्टरला हे कळत नव्हतं असं कसं म्हणायचं?

आधी माणूस कोण ते थोडक्यात पाहू. जन्म २५ सप्टेंबर १९२२, वेंगुर्ल्याचा. शिक्षणाच्या निमित्ताने बेळगावशी नातं जुळलं ते शेवटपर्यंत राहिलं. १९४२ च्या आंदोलनात तुरुंग पाहिला. मग इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. ही पदवी आता ऐकू येत नाही, म्हणून एक वाक्य तिच्यावर खर्च करतो. लंडनमध्ये वकिलांच्या जुन्या संस्था आहेत, त्यांच्यापैकी एकीत नाव घालायचं, परीक्षा द्यायच्या आणि ठरावीक वेळा तिथल्या भोजनगृहात जेवायचं. हो, जेवणंही मोजली जायची. हे सगळं पुरं झालं की माणूस बॅरिस्टर. भारतात १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याने सगळ्यांना एकाच नावाखाली आणलं आणि ही वेगळी ओळख मागे पडली. लोकांच्या तोंडी मात्र नाथ पैंच्या नावामागे ती कायमची चिकटली.

युरोपात असताना ते आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्ष झाले. तिचं मुख्यालय व्हिएन्नाला. तिथून थेट राजापूर मतदारसंघ! १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. प्रजा समाजवादी पक्षाचे उमेदवार म्हणून ते निवडून आले तेव्हा वय चौतीस. पुढे १९६२ आणि १९६७ लाही तोच मतदारसंघ, तोच पक्ष. त्या राजापुरात आजचा सिंधुदुर्ग येत होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ ला. मतदार कोण? कुळं, खलाशी, मच्छीमार, आणि मुंबईच्या गिरण्यांत राबून मनिऑर्डर पाठवणाऱ्या चाकरमान्यांच्या घरची माणसं. कोकणात रेल्वे हवी ही मागणी त्यांनी लोकसभेत लावून धरली. ती पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं.

आता कायद्याकडे वळू, आणि सुरुवात कोकणातूनच करू.

खोती ऐकून माहीत असते. सरकारसाठी सारा गोळा करणारा खोत, त्याच्या हाताखाली कुळं, आणि कुळाला हक्क जवळजवळ नाहीच. डॉ. आंबेडकरांनी खोती बंद करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं १९३७ साली. प्रत्यक्ष खोती नष्ट करणारा कायदा झाला १९४९ ला. त्याच्या एक वर्ष आधी कूळकायदा आला. हे कायदे म्हणजे एकाची जमीन काढून दुसऱ्याला देणं, निदान जमीनदाराच्या नजरेतून तरी. १९५० ला घटना लागू झाली आणि तिच्यात मालमत्तेचा हक्क 'मूलभूत हक्क' म्हणून बसलेला होता. मग देशभरचे जमीनदार कोर्टात गेले. म्हणाले, आमचा मूलभूत हक्क मोडला.

नेहरू सरकारने १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती केली आणि घटनेला एक नवं परिशिष्ट जोडलं, नववं. त्यात ज्या कायद्याचं नाव घातलं, त्याला मूलभूत हक्कांच्या मुद्द्यावर कोर्टात आव्हान देता येणार नाही. सुरुवातीला तेरा कायदे होते. दुसऱ्या क्रमांकावर मुंबईचा कूळकायदा, सहाव्या क्रमांकावर खोती नष्ट करणारा कायदा. म्हणजे रत्नागिरीतल्या कुळाच्या पायाखालची जमीन घटनेच्या नवव्या परिशिष्टाने धरून ठेवली होती, असं म्हणायला हरकत नाही.

पण खुद्द या घटनादुरुस्तीवरच प्रश्न उभा राहिला. संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावणारी दुरुस्ती करता येते का?

वाद दोन कलमांचा आहे. कलम १३ सांगतं की मूलभूत हक्क हिरावणारा किंवा कमी करणारा कोणताही 'कायदा' सरकारने करू नये, केला तर तो रद्दबातल. कलम ३६८ घटना दुरुस्त कशी करायची ते सांगतं. दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, शिवाय एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मतं हवीत. काही विषयांना निम्म्या राज्यांची संमतीही लागते. आता पेच असा, की घटनादुरुस्ती हा कलम १३ मधला 'कायदा' आहे की नाही? असला, तर मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही. नसला, तर येईल.

मला हे सोसायटीच्या उदाहरणाने नीट कळलं. कार्यकारिणीने ठराव केला आणि तो उपविधींच्या विरुद्ध निघाला, तर ठराव बाद, यात वाद नाही. पण सर्वसाधारण सभेने ठरलेल्या मोठ्या बहुमताने उपविधीच बदलला, तर तो 'उपविधींच्या विरुद्ध' आहे असं म्हणता येईल का? उपविधी बदलणं हे उपविधी मोडणं नव्हे, असं सामान्यपणे वाटतं. सर्वोच्च न्यायालयालाही १९५१ मध्ये शंकरीप्रसाद खटल्यात असंच वाटलं होतं. पाचही न्यायाधीश एकमत झाले की 'कायदा' म्हणजे साधा कायदा, घटनादुरुस्ती त्यात येत नाही. १९६५ मध्ये सज्जनसिंग खटल्यात तोच निकाल आला, पण तीन विरुद्ध दोन असा वाद शिल्लक ठेवून. त्या दोघांमधले एक मराठी न्यायमूर्ती, ज. र. मुधोळकर. घटनेच्या एखाद्या मूलभूत वैशिष्ट्यातच बदल केला तर त्याला नुसती दुरुस्ती म्हणायचं, की घटनेचा तेवढा भाग नव्याने लिहिणं म्हणायचं, असा प्रश्न त्यांनी निकालपत्रात विचारून ठेवला. तो प्रश्न आठ वर्षांनी फार मोठा होणार होता. मुधोळकरांना त्याचं श्रेय द्यावं तेवढं दिलं जात नाही, असं माझं मत आहे.

मग आला गोलकनाथ. पंजाबात जालंधरकडचं कुटुंब, पाचशे एकरांहून जास्त जमीन. पंजाबच्या कायद्याप्रमाणे माणशी तीस एकर ठेवता येणार, बाकीची गेली. ते कोर्टात गेले. यावेळी अकरा न्यायाधीश बसले आणि २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सहा विरुद्ध पाच असा निकाल लागला. सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांच्या बहुमताने सांगितलं की घटनादुरुस्ती हाही 'कायदा'च. कलम ३६८ फक्त पद्धत सांगतं, अधिकार देत नाही. तेव्हा संसदेला यापुढे मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत.

'यापुढे' हा शब्द महत्त्वाचा. आजवरच्या दुरुस्त्या रद्द केल्या तर देशभरच्या जमीनसुधारणा कोसळल्या असत्या. म्हणून न्यायालयाने अमेरिकेतून एक युक्ती उसनी घेतली. निकाल लागू पुढच्यासाठी, झालं ते झालं. त्यामुळे खोतीचा कायदा वाचला, कुळं वाचली, आणि ज्यांनी खटला लढवला त्या गोलकनाथांची जमीनही परत मिळाली नाही. जिंकले तत्त्वात, हरले व्यवहारात. एका न्यायाधीशाच्या फरकाने संसदेचा हात कायमचा बांधला गेला, आणि तोही 'आजपासून' असं म्हणून! त्या वेळी अनेकांना हे चमत्कारिक वाटलं, आणि मलाही वाटतं.

निकाल लागला तेव्हा सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान नुकतंच संपलं होतं. काँग्रेसला लोकसभेत ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या होत्या. सत्ता टिकली, पण दोन तृतीयांश गेलं आणि बरीच राज्यं हातातून निसटली. इंदिराबाईंचं सरकार या निकालावर काही करण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. आणि ज्या पक्षाच्या अख्ख्या लोकसभेत तेरा जागा होत्या, त्याच्या बॅरिस्टरने निकालानंतर एकोणचाळीस दिवसांत उत्तर मांडलं. ७ एप्रिल १९६७. वार शुक्रवार.

शुक्रवार का, तेही पाहू. संसदेत जो मंत्री नाही तो खासदारही स्वतःचं विधेयक आणू शकतो. त्याला अशासकीय किंवा खासगी विधेयक म्हणतात. त्यांच्यासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखून ठेवलेले असतात. त्या वेळी अनेक खासदार आपापल्या मतदारसंघाकडे निघण्याच्या घाईत असतात, सभागृह निम्मं रिकामं. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त चौदा विधेयकं कायदा होऊ शकली आणि चौदावं झालं १९७० मध्ये. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही. तेव्हा शुक्रवारचं विधेयक म्हणजे बहुधा निषेधाचा ठराव असतो. नाथ पैंच्या विधेयकाचं तसं झालं नाही. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि पुढची तीन वर्षं त्यावर देशभर रण माजलं. 'नाथ पै बिल' हे नाव वर्तमानपत्रांत इतकं रुळलं की त्याचं खरं शीर्षक सांगावं लागत नसे.

विधेयकात होतं काय? सगळ्या गोंगाटाच्या मानाने मजकूर अगदी थोडा. कलम ३६८ मध्ये स्पष्ट लिहा की संसदेला घटनेच्या कुठल्याही तरतुदीत दुरुस्ती करण्याचा अधिकार आहे. बस्स. ही एक वकिली चाल होती, आणि माझ्या मते अस्सल. न्यायालय म्हणालं, ३६८ मध्ये अधिकार लिहिलेला नाही. ठीक आहे, लिहितो! निकालाशी भांडायचं नाही, न्यायाधीशांवर चिखलफेक करायची नाही. ज्या शब्दाच्या अभावावर निकाल उभा आहे तो शब्द घालायचा.

पण त्यामागचा विचार मोठा होता. संसद प्रौढ मतदानाने निवडून येते. घटना लिहिणारी संविधान सभा मात्र प्रांतिक कायदेमंडळांनी निवडलेली होती, आणि त्या कायदेमंडळांना मत देणारे लोक मूठभरच होते. मग एका पिढीने लिहिलेलं पुढच्या पिढीने कधीच बदलायचं नाही, हा कुठला न्याय? सुब्बाराव यांनी निकालात सुचवलं होतं की मूलभूत हक्क बदलायचेच असतील तर नवी संविधान सभा बोलवा. विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांना हे पटत नव्हतं. लोकांनी निवडलेली सभा समोर बसलेली असताना आणखी कुठली सभा शोधायची? नाथ पैंसाठी हा संसदेच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न होता, काँग्रेसच्या सोयीचा नव्हे. आणि माझा अंदाज असा की राजापूरच्या खासदाराला मालमत्तेचा 'मूलभूत हक्क' या शब्दांतून खोताचा चेहरा दिसत असणार. त्यांच्या मतदारांपैकी किती जणांकडे तो हक्क बजावण्याइतकी मालमत्ता होती?

दुसरी बाजूही तितकीच तोलाची होती, आणि ती फक्त जमीनदारांची नव्हती. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतला एक. त्याच यादीत बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, अटक झाली तर न्यायालयापुढे उभं राहण्याचा हक्क आहे, अस्पृश्यतेची बंदी आहे, धर्मस्वातंत्र्य आहे. जमिनीसाठी दार उघडलं की त्याच दाराने उद्या कुणी दुसरंच काही घेऊन आत शिरेल. दोन तृतीयांश बहुमत म्हणजे सद्‌बुद्धीची हमी नव्हे. स्वतः सुब्बाराव यांनी निकालानंतर काही आठवड्यांतच, ११ एप्रिलला, सरन्यायाधीशपद सोडलं आणि विरोधकांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. डॉ. झाकीर हुसेन यांनी त्यांना हरवलं. न्यायाधीशाने खुर्चीवरून उठून थेट उमेदवारी घ्यावी हे तेव्हाही अनेकांना खटकलं, आणि निकालाच्या बाजूने बोलणाऱ्यांची त्यामुळे अडचणच झाली. पण निकालामागची भीती खोटी नव्हती.

विधेयक लोंबकळत राहिलं. समिती, चर्चा, पुढे ढकलणं, पुन्हा चर्चा. दरम्यान काँग्रेस फुटली. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा न्यायालयाने फेब्रुवारी १९७० मध्ये रद्द केला. संस्थानिकांचे तनखे बंद करणारा आदेशही डिसेंबरमध्ये रद्द झाला. इंदिराबाईंनी २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित केली. लोकसभेपुढे अडकलेलं विधेयक तिच्याबरोबर संपतं, तसं हेही संपलं.

आणि तीन आठवड्यांनी नाथ पै गेले. १७ जानेवारी हा सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा दिवस. त्या दिवसासाठी ते बेळगावात होते. हृदयविकार आधीपासून होताच. १८ जानेवारी १९७१ ला तिथेच त्यांचं निधन झालं. वय अठ्ठेचाळीस. मार्चमधल्या निवडणुकीत राजापुरातून प्रजा समाजवादी पक्षाचे प्रा. मधु दंडवते निवडून आले.

गोष्ट इथे संपत नाही. त्याच निवडणुकीत इंदिराबाईंना ३५२ जागा मिळाल्या. कायदामंत्री झाले ह. रा. गोखले, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. त्यांनी आणलेली चोविसावी घटनादुरुस्ती ५ नोव्हेंबर १९७१ ला लागू झाली. तिने काय केलं? घटनेच्या कुठल्याही तरतुदीत भर घालण्याचा, बदल करण्याचा किंवा ती काढून टाकण्याचा अधिकार संसदेला आहे, असं कलम ३६८ मध्ये लिहिलं. कलमाचं शीर्षक 'दुरुस्तीची पद्धत' होतं, ते 'दुरुस्तीचा अधिकार आणि पद्धत' असं केलं. कलम १३ मध्ये एक ओळ घातली की हे कलम घटनादुरुस्तीला लागू नाही. म्हणजे नाथ पै बिलच, फक्त सरकारच्या शिक्क्याने आणि सरकारच्या बहुमताने. शुक्रवारच्या अडीच तासांत जे झालं नाही ते झालं. तोवर मांडणारा माणूस जाऊन दहा महिने होत आले होते.

आणि मग केशवानंद भारती खटला. तेरा न्यायाधीश, अडुसष्ट दिवस युक्तिवाद. एका बाजूला नानी पालखीवाला, दुसऱ्या बाजूला केरळ सरकारतर्फे होमी सीरवाई, दोघेही मुंबईचे आणि दोघेही पारशी. २४ एप्रिल १९७३ चा निकाल, सात विरुद्ध सहा. चोविसावी दुरुस्ती वैध ठरली. गोलकनाथ चुकला होता, संसदेला मूलभूत हक्कांसकट घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करता येतो, हे न्यायालयाने मान्य केलं. म्हणजे नाथ पै जिंकले. पण पुढच्याच श्वासात न्यायालय म्हणालं, दुरुस्ती करता येईल, पण घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही. मुधोळकरांचा आठ वर्षांपूर्वीचा प्रश्न असा उत्तर होऊन आला.

इथे थांबून मला वाटतं ते सांगतो. नाथ पैंचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं त्यांनी दिलेलं उत्तर अर्धं होतं. लोकांनी निवडलेल्या सभेला घटना बदलता आली पाहिजे, हे खरं. पण ती सभा कोणाच्या हातात जाईल, याचा विचार त्यांनी स्वतःच्या काळातल्या संसदेवरून केला. त्या संसदेत तेरा जागांच्या पक्षाचा माणूस उठून पंतप्रधानांना धारेवर धरू शकत होता आणि पंतप्रधान ऐकून घेत होते. जून १९७५ मधली, आणीबाणीतली संसद त्यांनी पाहिली नाही. त्यांच्या जागेवर निवडून आलेले दंडवते तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरूत होते. वाजपेयी आणि अडवाणींबरोबर त्यांना अटक झाली आणि तिथल्या मध्यवर्ती तुरुंगात ते बंद झाले. राजापूरचा खासदार तुरुंगात असताना नोव्हेंबर १९७६ मध्ये लोकसभेने बेचाळिसावी घटनादुरुस्ती मंजूर केली. तिने कलम ३६८ ला दोन पोटकलमं जोडली. कोणतीही घटनादुरुस्ती कोणत्याही न्यायालयात तपासता येणार नाही, आणि संसदेच्या या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. नाथ पै असते तर या दोन ओळींच्या बाजूने बोलले असते का? मला वाटत नाही. पण त्यांच्या विधेयकाच्या शब्दांतून हे रोखलंही गेलं नसतं.

मालमत्तेचा हक्क, ज्याच्यापायी हे सगळं रामायण घडलं, तो १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून निघून गेला. तो आता कलम ३००-अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून उरला आहे. आणि ही दुरुस्ती केली ती जनता सरकारने, ज्यात दंडवते रेल्वेमंत्री होते.

आज घटनेची अधिकृत प्रत काढून कलम ३६८ वाचलं, तर पहिल्या पोटकलमात नाथ पैंनी मागितलेला अधिकार आहे. शेवटी चौथं आणि पाचवं पोटकलमही छापलेलं आहे, आणि त्यांच्या खाली बारीक अक्षरात तळटीप आहे की मिनर्व्हा मिल्स खटल्यात, १९८० साली, सर्वोच्च न्यायालयाने ही दोन्ही अवैध ठरवली.